दोन्ही टोकांना

धाकट्याने हात लांब करून तळवा आभाळाकडे धरला आणि दूरवरचं मालवाहू जहाज त्यावर ठेवलं. म्हणजे फोटोत तसं दिसावं, अशी अपेक्षा होती. आईने मोबाइलचं बटण दाबलं. जहाज नीट आलं, तळवा नीट आला, सदरा तर इतका स्पष्ट की इस्त्रीच्या घड्या मोजाव्यात. मानेच्या वर मात्र कोणी नव्हतं.

"छान," बाबा म्हणाले. "मुंडकं घरीच राहिलं वाटतं."

त्याआधी भिंगाला ओठांचं मलम चोपडून धुक्यातला फोटो काढून झाला होता. त्यात फक्त धुकंच आलं. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब टिपायचं ठरलं, तेव्हा धाकट्याची चप्पल अतिशय कलात्मक आली होती.

थोरला आणि धाकटा जुळे. थोरला काही मिनिटांनीच थोरला. पण तेवढ्या भांडवलावर त्याने जन्मभर गाडीतली खिडकीची जागा बळकावली. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. तेव्हापासून आई बोलायची ती धाकट्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी. जेवलास का, छत्री घेतलीस का, सगळं बटणाला. तिचाही इलाज नव्हता. वर पाहिलं की तोच चेहरा. धाकट्याने मध्यंतरी मिशी वाढवून पाहिली. ती आली नाही. कोणी कोणावर रागावलेलं नव्हतं, त्यामुळे समजूत काढायलाही जागा नव्हती. निदान कॅमेऱ्याच्या आडून तरी ती आपल्याकडे बघेल, म्हणून आजची ही समुद्रावरची सहल आणि इंटरनेटवरून शिकलेल्या या सगळ्या करामती.

"शेवटची एक," तो म्हणाला. "पॅनोरमा. तू मोबाइल डावीकडून उजवीकडे फिरवायचा. मी आधी डाव्या टोकाला. मोबाइल माझ्यावरून पुढे सरकला की तुझ्या पाठीमागून पळत उजव्या टोकाला. एकाच फोटोत मी दोनदा येतो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. बाबा समुद्राकडे बघू लागले.

"बरं," आई बटणाला म्हणाली. "राहा उभा."

बाबा मध्ये जाऊन उभे राहिले. लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. गप्प बसणं काही जमलं नाही.

"हळू वळव. हळू. बाण रेषेवर ठेव. घाई नको, मागून कोणी हॉर्न देत नाहीये."

"तुम्ही हलू नका हो, नाकं दोन येतील."

"एक तरी धड येऊ दे."

धाकटा पळाला. वाळूत पाय रुतत होते, एक चप्पल मागे राहिली, आणि एक कुत्रं शर्यत समजून सोबत धावलं. उजव्या टोकाला पोचून तो वळला तेवढ्यात मोबाइल त्याच्यावर येऊन थांबला.

आईने फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला. डावीकडच्याला पाहिलं, मग बाबांना ओलांडून उजवीकडच्याला. पुन्हा डावीकडे. डावीकडचा शांत उभा होता, केस जागच्या जागी. तिथे ती बराच वेळ थांबली. बाबा जवळ येऊन फोटोत डोकावले.

धाकटा समोर येऊन उभा राहिला. तिला सोपं जावं म्हणून त्याने आपणहून मान खाली घातली.

"हा तू," आई उजवीकडच्यावर बोट ठेवून म्हणाली.

"दोन्ही मीच आहे, आई."

"नाही. हा तू. याला दम लागलाय."

मग तिने वर पाहिलं. कपाळाला चिकटलेले केस, लाल झालेले कान, उघडं तोंड.

"किती पळायचं ते," ती म्हणाली. "बस खाली. श्वास घे आधी."

तो वाळूत बसला. तीही समोर बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने त्याचा श्वास जागेवर आला. तरी तो धापा टाकत राहिला.