मी कागदी छत्री आणि नसलेला चौथा मजला

टक्!

राइस कुकरचं बटण वर उडालं. भात झाला. एरवी या आवाजासरशी लिंतांग ताटली घेऊन धावत येते. आज घरात कुणी हललं नाही. वेनिंग फरशीवर बसली होती आणि मांडीतल्या लेकीला तिनं घट्ट कवटाळलं होतं. मी समोरच्या भिंतीला टेकून होते. माझा कागद फाटलेला, एक काडी मोडलेली.

मित्रांनो, मी जाकार्तातली एक जुनी छत्री आहे. माझा जन्म मध्य जावातल्या जुविरिंग गावचा. बांबूच्या काड्या, तेल पाजलेला कागद आणि त्यावर एका म्हातारीनं रंगवलेली लाल फुलं. गंमत अशी, की पावसाशी माझी गाठ क्वचितच पडली. माझं काम छताखालचं. वेनिंग पाहुण्यांना शहरातले मॉल दाखवते. गर्दीत तिनं मला उंच धरलं, की सगळे माझ्यामागून चालू लागतात. "काय देखणी छत्री!" असं म्हणून लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. पुढं रंग उडाला आणि फोटो थांबले. वेनिंगनं मात्र मला सोडलं नाही.

आज मकासरहून आलेल्या बायका होत्या. लेकीला सांभाळणारी शेजारीण गावी गेलेली, म्हणून लिंतांगही सोबत.

"हे बघा," वेनिंग दोन मॉल जोडणाऱ्या पुलावर उभी राहून सांगत होती, "इकडे जुना मॉल, तिकडे नवा. जुन्यात घासाघीस करा, नव्यात फोटो काढा. जुन्यात पोट भरा, नव्यात नुसती थंड हवा खा."

"आणि नवऱ्याला कुठं ठेवायचं गं, म्बाक?" त्यांच्यातली थोरली, बू हस्नाह, म्हणाली. म्बाक म्हणजे ताई, सगळ्या वेनिंगला तसंच म्हणायच्या.

"जुन्या मॉलच्या तळमजल्यावर, मालिशच्या खुर्चीत. संध्याकाळपर्यंत शोधायलाच नको!"

हशा पिकला. "इबू, छत्री मी धरते," लिंतांग आईला म्हणाली. वेनिंगनं मला तिच्या हातात दिलं. तेवढ्यात कुणाची तरी पिशवी फाटली, वेनिंग वाकली, आणि मागून लोंढा आला. तो आम्हा दोघींना ढकलत नव्या मॉलच्या लिफ्टमध्ये घेऊन गेला. दार मिटलं.

लिंतांग रडली नाही. तिला शिकवलेलं होतं. जुन्या मॉलमध्ये खेळण्यांचा मजला चौथा. तिथंच वेनिंग तिला विचारायची, "तू किती वर्षांची?" "चार!" "मग चुकलीस तर चार आकड्यावर जाऊन थांबायचं. मी तिथंच येईन."

लिंतांगनं बटणांवरून बोट फिरवलं. तीन. तीन-ए. पाच.

"काका, चार कुठंय?" तिनं शेजारच्या माणसाला विचारलं.

"इथं चार नाही, बाळ." तो फोनवर बोलत उतरून गेला.

लिफ्ट वर गेली, खाली आली. दर वेळी दार उघडलं, की ती मान बाहेर काढून आकडा शोधायची. तीन-ए म्हणजेच चौथा, हे मला ठाऊक होतं. वेनिंगनं ते प्रत्येक पाहुण्याला हसत हसत सांगितलं होतं. लेकीलाच तेवढं सांगायचं राहिलं. पण छत्रीला तोंड कुठं असतं? माझ्या दांड्याला घाम येऊ लागला होता. तो तिच्या तळव्याचा होता.

शेवटी पाचव्यावर ती बाहेर पडली. समोर कठडा आणि खाली सगळे मजले विहिरीसारखे खोल. ती इबूसारखी चवड्यांवर उभी राहिली, मला कठड्यावरून बाहेर काढलं आणि उघडू लागली. खिट्टी अडकली. तिनं सगळं बळ लावलं. काडी मोडली, कागद टरकला, पण मी उघडले. आयुष्यात एवढी ताठ मी कधी उभी राहिले नव्हते.

वेनिंग तोवर जुन्या मॉलचा चौथा मजला पालथा घालून परतली होती. खालून बू हस्नाह ओरडली, "म्बाक! वर बघ! तुझी छत्री!"

"लिंतांग! मागं हो! कठडा सोड!"

ती सरकत्या जिन्यावरून धावत आली. आधी एक चापट, मग मिठी. मी दोघींच्या मध्ये चुरगळले, पण मुळीच दुखलं नाही.

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात पडले तरी चालेल. एवढंच सांगते, वाट दाखवणाऱ्यानं आपल्या घरच्यांनाही ती एकदा नीट दाखवावी. आणि घरातली जुनी छत्री उडालेल्या रंगापायी टाकू नये.

भात निवत होता. लिंतांगनं मान वर केली. "इबू, तिथं चार का नव्हता?"

"काही लोकांच्या बोलीत चार हा शब्द मरणासारखा ऐकू येतो गं. त्यांना भीती वाटते. म्हणून तो मजला असतो, पण त्याला चार म्हणत नाहीत."

लिंतांगनं आपली चार बोटं पुढं धरली आणि एकेक करून मोजली.

"मग इबू, लोकांना माझीपण भीती वाटते का?"