माझ्या गोळ्या वाणाच्या डबीत

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. अंगठ्याएवढी, तपकिरी काचेची, घट्ट झाकणाची. सध्या अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या एका स्वयंपाकघरात मसाल्यांच्या फळीवर असते आणि माझ्यात जायफळाची पूड आहे. माझा जन्म जायफळासाठी झाला नव्हता. हे सांगताना मला आजही राग येतो.

औषधाच्या कारखान्यात माझ्यात नायट्रोग्लिसरीनच्या बारीक गोळ्या भरल्या. त्या भारी नाजूक. उजेड, ओल, नुसती हवा लागली तरी त्यांचा जोर उडून जातो. म्हणून मला जाड काच आणि तपकिरी रंग दिला. त्यांना सांभाळणे एवढेच माझे काम, आणि ते मी चोख करत होते.

मी ज्यांच्याकडे आले त्या मीनाक्षीताई मूळच्या नागपूरच्या, इथे आयटीत नोकरीला. हिवाळ्यात पहाटे अंथरुणातच त्यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखे व्हायचे. त्यांचे यजमान विनयराव प्रेमळ, पण प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे एकच नाव. "अगं, गॅस आहे. काल छोले हेवी झाले. ओवा खा." दिवसा ट्रेडमिलवर ताईंना काहीच होत नसे, त्यामुळे ओव्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. पुढे तपासण्या झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या आणि पहिल्या डॉक्टरांनी टेन्शनचे निदान करून घरी पाठवले.

डॉक्टर प्रीता यांनी मात्र छातीवर चिकटवायचे यंत्र दिले. एका पहाटे कळ आली तेव्हा हृदयाचा आलेख बदललेला त्यात सापडला. मग हॉस्पिटलात, देखरेखीखाली, मुद्दाम औषध देऊन वाहिनी आवळते का तेही पाहिले. ती आवळली.

"तुमची आर्टरी ब्लॉक नाहीये, ती मधेच क्रॅम्प आल्यासारखी आवळते," डॉक्टर म्हणाल्या. "थंडी, स्ट्रेस, सिगरेट, काहीही ट्रिगर करू शकतं. आणि तुम्ही मायग्रेनसाठी घेता ती गोळी बंद करा, तिनेही वाहिन्या आवळतात."

वाहिनी सैल ठेवणारी एक गोळी रोजची झाली, आणि कळ आलीच तर जिभेखाली ठेवायला माझ्यातली. मी पर्समध्ये मानाने राहू लागले. एकदा शिकागोच्या गाडीत कळ आली, गोळी जिभेखाली गेली आणि ताईंच्या चेहऱ्यावर रंग परतला. घरी आल्यावर मला हातात धरून त्या आपल्या मुलीला, वल्लरीला, म्हणाल्या, "ही माझी खरी मैत्रीण." मित्रांनो, मी वेडी, ते खरे मानून बसले.

संक्रांतीला ओळखीतल्या सुलभाकाकूंकडे हळदीकुंकू होते. रुमाल काढताना मी पर्समधून गालिच्यावर पडले. काकूंनी मला उचलून लेबल वाचले. "हे काय गं, हार्टचं औषध? तुला?"

"छे हो काकू, व्हिटॅमिन आहे," मीनाक्षीताई हसत म्हणाल्या आणि मला पटकन पर्समध्ये कोंबले.

त्या हसण्याने माझे काळीज चिरले. ज्या बाईसाठी मी श्वास रोखून बसले होते, तिला चारचौघींत माझी लाज वाटली. त्याच संध्याकाळी तिने माझ्या गोळ्या वाणात मिळालेल्या नक्षीच्या डबीत ओतल्या. डबी दिसायला छान, झाकण मात्र ढिले. माझे लेबल गरम पाण्याने सोलले. "बाटली चांगली आहे, टाकवत नाही," असे म्हणून माझ्यात जायफळ भरले. याला काटकसर म्हणतात म्हणे.

हिवाळा सरता सरता एका पहाटे ताई चहा ठेवायला आल्या आणि ओटा धरून खाली बसल्या. खिशातली डबी उघडून त्यांनी गोळी जिभेखाली ठेवली. काही झाले नाही. गोळीचा जोर केव्हाच उडाला होता. ओठ पांढरे पडत गेले. मी त्यांच्या डोक्यावरच्याच फळीवर होते आणि माझ्यात जायफळ होते. त्या क्षणी मला फुटून जावेसे वाटले.

"आई, डोन्ट मूव्ह. आय ॲम कॉलिंग नाइन वन वन." वल्लरी धावत आली म्हणून अँब्युलन्स वेळेवर पोचली. ताई वाचल्या.

त्या घरी आल्यावर सुलभाकाकू भेटायला आल्या. ताईंनी नवी तपकिरी बाटली त्यांच्या हातात दिली. "काकू, माझ्या हृदयाची वाहिनी आवळते. हे तिचं औषध आहे. ही बाटली माझ्या पर्समध्ये बाहेरच्या कप्प्यात असते, बघून ठेवा."

मी फळीवरून ऐकत होते. ताई वाचल्या याचा मला आनंद आहे, तो मी लपवत नाही. पण हे चार शब्द माझ्याविषयी बोलायला त्यांना मरणाच्या दारात जाऊन यावे लागले, आणि बोलल्या तेही दुसरीविषयी.

मित्रांनो, हे औषध ज्या बाटलीत येते त्याच बाटलीत राहू द्या, आणि झाकण घट्ट लावा. घरात कुणाच्या छातीत दुखले तर आधी ओवा शोधू नका. आजार लपवू नका. तो लपवायला गेलात की आधी औषध लपते, आणि मग ऐन वेळी ते तुमच्याजवळ नसते.