पालथे पत्ते

केरबानं तीन पत्ते पालथे टाकले, तर हंबीररावनं ते आपल्या हातानं उलटे करून सगळ्यांना दाखवले. टाकलेला पत्ता असा उघडायची रीत कुठल्याच डावात नव्हती. पण मुलाच्या बापाला रीत कोण शिकवणार?

“नव्वा, पंजा, तिर्री,” हंबीरराव म्हणाला. “म्हणलं न्हवतं? पावण्यांच्या तोंडावरच छापून येतंय.”

गुंडू त्याचा धाकटा भाऊ. थोरला हसला की तो हसायचा. आताही हसला.

दोघं गगनबावड्याहून सकाळच्या एस्टीनं आले होते. केरबाच्या शालनची आज सुपारी फुटायची होती. नारळ, साडी, हळदकुंकू असं ताट सकाळपासून कोनाड्यात तयार होतं. पण मुलाचा मामा पन्हाळ्याहून यायचा होता, आणि मामाशिवाय सुपारी फोडायची नाही अशी त्यांच्या घराची पद्धत. मामाची गाडी चुकली होती. मग जेवणं उरकल्यावर गुंडूनं खिशातून पत्त्यांचा कॅट काढला. डावाला पाच-पाच पैसे, नुसता वेळ जायला.

वेळ जात होता तो मात्र केरबाच्या अंगावरून. हंबीररावनं चहा पातळ ठरवला, खोल्या मोजल्या, आणि जकात नाक्यावर वीस वर्षं काढून माणसानं नुसता पगारच खाल्ला हे कसं काय, असंही विचारून घेतलं. केरबानं सगळं गिळलं. दोन वर्षांत हे तिसरं स्थळ. आधीची दोन पोहे खाऊन गेली ती गेलीच. हा मुलगा तलाठी होता आणि अट एकच होती, मुलगी मॅट्रिक हवी. शालन गेल्या जूनमध्ये पास झाली होती. हंबीररावनं दाखला बघायला मागितला नव्हता. गल्लीतला बाबालाल शिंपी या सोयरिकीत मध्यस्थ होता आणि त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की केरबाला खोटं बोलता येत नाही, त्याचं तोंडच साथ देत नाही. एवढ्या एका बोलीवर गोष्ट ताटापर्यंत आली होती.

केरबा पत्तेसुद्धा नाक्यावरच्यासारखे खेळायचा. तिथं भिंतीवर दरांचा तक्ता. गुळाच्या ढेपेला इतके, मिरचीच्या पोत्याला इतके. तसाच तक्ता त्यानं तीन पत्तीसाठी वहीच्या पानावर काढला होता. छक्क्याच्या जोडीपासून वर खेळायचं. जोडी नसेल तर एक्का हवा, सोबत राजा हवा. बाकी सगळं टाकायचं. पान घडी घालून बंडीच्या खिशात असे, आणि शंका आली की तो खिशाला हात लावी. त्या पानानं त्याचं कधी फारसं गेलं नव्हतं. आलंही नव्हतं. कारण केरबानं नाणं पुढं सरकवलं की बाकीचे मुकाट पत्ते टाकत.

हंबीरराव तंबाखू थुंकायला बाहेर गेला, गुंडू त्याच्या मागं. बाबालाल हलक्या आवाजात म्हणाला, “अण्णा, त्या कागदात तुमचे पत्ते हायत. त्येंचे कुठं हायत?”

“म्हंजे?”

“माप घेताना गिऱ्हाईक प्वाट आत वढतंय. आम्ही टेपकडं बघत न्हाय, पोटाकडं बघतोय. तुमी नाणं टाकलं की त्यो पळतोय. मग पत्त्याचं काय काम?”

ते दोघे परत आले. बसता बसता हंबीरराव गुंडूला, पण केरबाला ऐकू जाईल असं म्हणाला, “व्याही करावा तर असा. म्हशीगत. बांधलं तिथं उभा.”

आत केरबाच्या बायकोच्या, बयाबाईच्या, हातातलं भांडं वाजलं आणि थांबलं.

पत्ते वाटले गेले. केरबाला आले अठ्ठा, छक्का, दुर्री; तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. तक्त्याप्रमाणे क्षणभरही धरायचे नाहीत असे. त्यानं खिशाला हात लावला नाही. पत्ते नीट जुळवून मांडीजवळ ठेवले आणि चार आणे सरकवले.

बाबालालनं पत्ते टाकले. गुंडूनं टाकले. हंबीररावनं चार आणे टाकले, केरबाच्या तोंडाकडे बघितलं. केरबानं आठ आणे सरकवले. त्याच्याकडं एवढी वर्षं न वापरलेला भरवसा साठला होता, तो आज एकदम खर्चायला काढला होता. हंबीररावनं आठ आणे टाकले, पण या वेळी नाणं बोटाला जरा चिकटलं. केरबानं रुपया ठेवला. त्याला स्वतःचं तोंड जाणवत होतं. थंड, गुळगुळीत, दुसऱ्या कुणाचं असल्यागत.

“ह्यो असा बसलाय म्हंजे तीन एक्केच असतील,” हंबीरराव म्हणाला आणि राण्यांची जोडी खाली फेकली.

इथंच पैसे ओढून घ्यायचे होते. पालथे पत्ते पालथेच राहू द्यायचे होते. पण सकाळपासूनचं सगळं केरबाच्या बोटांत आलं. त्यानं एकेक पत्ता उलटा केला. अठ्ठा. छक्का. दुर्री.

बाबालाल मोठ्यानं हसला. गुंडूलाही हसू फुटलं. थोरल्याकडं बघून त्यानं ते आवरलं. हंबीरराव चिडला नाही. त्यानं ते तीन पत्ते बराच वेळ बघितले, मग सगळा कॅट गोळा करून चौकोनी केला.

“केरबासाहेब,” तो म्हणाला. ‘पावणं’ सोडून पहिल्यांदाच. “पोरगी मॅट्रिक हाय न्हवं?”

“हाय की. जूनमधी झाली.”

केरबा खरंच बोलत होता. पण तोंड अजून मघाचंच होतं. ते हलवायचा त्यानं प्रयत्न केला, हलेना.

बाबालालचं हसू कधीच थांबलं होतं. “खरं हाय, हंबीरराव. पेढे म्याच खाल्ल्यात.”

“असंल की. मी कुठं न्हाय म्हणतोय?”

“दाखला आणतो,” केरबा उठला.

आत जाऊन त्यानं ट्रंकेचं झाकण उघडलं. शालन नव्या साडीत भिंतीला टेकून उभी होती.

हंबीररावनं दाखला पुढून वाचला. उलटा करून कोरी बाजू बघितली. दाराच्या उजेडात धरला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग सकाळपासून कुठलीच वस्तू दिली नव्हती तशी, दोन्ही हातांनी परत दिला.

“कागुद झ्याक हाय,” तो म्हणाला.

तेवढ्यात मामा घामाघूम होऊन दारात आला. पेढ्यांचा पुडा सावरत त्यानं उशिराची माफी मागितली आणि अजून फोडली नाही ना, असं विचारलं.

“बस, आकाराम, दम घे,” हंबीरराव म्हणाला. मग बाबालालकडं वळून, अगदी अदबीनं, “मिस्त्री, बावड्याची शेवटची गाडी कितीला हाय वं?”

मामानं सगळ्यांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं आणि पुडा कुठं ठेवावा ते न कळून, तो मांडीवरच घेऊन बसला.