सरळ गेलेला तडा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी तुकडा आहे. तळहाताएवढा, दोन भोकांचा, आणि मधोमध दुभंगलेला. मला पाहून कोणीही हळहळेल, "बिचारा मोडला!" पण मी मोडण्यासाठीच जन्मलो आणि नीट मोडलो, याचेच मला समाधान आहे.

एका आकाशपाळण्यासाठी जाडजूड आस घडवला होता. त्याच्या टोकाचा जास्तीचा भाग कापून आम्हा दोघा भावांना बनवले. पाळणा होता दादांचा, आणि पोलादाची परीक्षा घेणाऱ्या बाई त्यांची धाकटी बहीण.

"अगं, धडधाकट तुकड्याला खाच कशाला पाडतेस?" दादांनी विचारले.

"तडा कुठून सुरू होणार ते आपण ठरवायचं. त्याच्यावर सोडलं तर तो वाट्टेल तिकडून जाईल, मग मोजणार काय?"

आणि नेमके तेच झाले. थोरल्याच्या खाचेचे टोक बोथट राहिले होते, कुशीवर हत्याराचा ओरखडाही होता. यंत्र त्याला ओढू-सोडू लागले, तसा तडा खाच सोडून ओरखड्यातूनच तिरका पळाला. थोरला फाटकन तुटला.

दादा पांढरेफटक पडले. "म्हणजे आस कच्चा?"

"आसाचं काही कळलंच नाही. खाच आखताना मी चुकले. पुन्हा करू."

"अगं, पाळणा सुरू करायचा दिवस तोंडावर आलाय!"

"पहिल्या फेरीत तुझीच पोरं बसणार ना? मग थांब."



बाईंनी माझी खाच नव्याने आखली. अरुंद, टोकाशी सुईसारखी निमुळती. केसाएवढा तडाही दिसावा म्हणून माझ्या कुशी आरशासारख्या घासल्या. यंत्राने मला धरले तेव्हा थोरल्याच्या आठवणीने मी धास्तावलो होतो. किती हिसके बसले कोण जाणे! शेवटी खाचेच्या अगदी टोकाशी एक रेघ उमटली आणि नाकासमोर सरळ निघाली.

बाई भिंगातून पाहत होत्या. मागून दादांनी हळूच विचारले, "पळतोय?"

"नाही रे, रांगतोय! हे पोलाद एकाएकी दगा देणारं नाही. आसाला कधी तडा गेलाच, तर तो मोठा व्हायच्या आत तपासणीत सापडेल. फक्त तपासणी चुकवायची नाही."

दादांचा जीव भांड्यात पडला. ते स्टुलावर मटकन बसले आणि डोळे पुसत हसू लागले. मलाही हायसे वाटले. तडा पार होईपर्यंत ओढ सोसली, पण आता भीती उरली नव्हती.

मित्रांनो, तुमचा भार वाहणाऱ्या वस्तूंना दुखले तरी सांगता येत नाही. त्यांच्याकडे कुणीतरी वेळच्या वेळी निरखून पाहावे लागते. म्हणून कधी "आज पाळणा तपासणीसाठी बंद" अशी पाटी दिसली, तर रुसू नका. वर चढून आस तपासणाऱ्या माणसाला खालून आनंदाने हात करा.