नाचणारी घोडी

माझ्या मुलाचं, आकाशचं लग्न ठरलं त्याच दिवशी मी घरात सांगून टाकलं, जेवणात एक पदार्थ कमी चालेल, पण पोरगा घोडीवर बसेल. बायको, लीलाबाई, म्हणाली, "अवो, आता लोक गाडी सजवत्यात. घोडीचं काय येड घेतलंय?" मी तिच्यावर खेकसलो. खेकसणं हा माझा जुना आजार. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, तिथंही "सर्जेराव आले" म्हटलं की पोरं पांगायची.

पण ते येड नव्हतं. आमचं मूळ गाव अजिंठ्याकडचं. मी बारा वर्षांचा असताना थोरल्या भावाचं लग्न होतं. घोडीवाल्यानं आदल्या दिवशी निरोप धाडला, "घोडी लंगडतीया, जमायचं नाय." आणि दुसऱ्याच दिवशी तीच घोडी वरच्या आळीतल्या वरातीत ऐटीत चालताना आम्ही सगळ्यांनी पाहिली. आमच्या समाजाचा नवरदेव घोडीवर बसलेला गावाला बघवला नसता, एवढंच कारण. भाऊ फेटा बांधून पायी गेला. वडील एक शब्द बोलले नाहीत. ते गप्प बसणं मी जन्मभर उरावर घेऊन फिरलो.

म्हणून मजीदभाईची घोडी मी चार महिने आधीच सांगून ठेवली. मजीदभाई आमच्या शहरातल्या छावणी भागातला, वीस वर्षांच्या ओळखीचा. माझ्या आईच्या मातीला त्यानं खांदा दिला होता, आणि ईदचा शीरखुर्मा त्याच्याकडून आल्याशिवाय आमच्या घरी ईद कळत नाही. त्याची पांढरी घोडी शहजादी. तिला तो बेटी म्हणायचा. तिच्यापुढे भिजवलेले हरभरे ठेवल्याशिवाय स्वतः जेवायला बसायचा नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो आला आणि दारातच उभा राहिला.

"भाऊ, बेटी लंगडतीय. पुढच्या उजव्या खुरात पू झालाय. डाक्टर बोले, आठ दिन काम को नक्को निकालो. मी लई हिंडलो, पण सीझन हाय, दुसरी घोडी कुठंच मिळंना. गाडी सजवू या. मैं खुद चलाता."

एवढं सगळं तो बोलला, आणि मला फक्त 'लंगडतीय' ऐकू आलं. पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही.

"मजीदभाई, तुमीबी?" मी म्हणालो. "आमच्याच पोराच्या वेळंला घोडी लंगडी व्हती व्हय?"

त्याचा चेहरा उतरला. माझा भाऊ पायी गेला होता हे त्याला ठाऊक होतं, मीच कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. तो पायरी उतरला. मग म्हणाला, "ऐसा मत बोलो, भाऊ. उद्या नऊला येतो."

तो गेला आणि मला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला, वरात निघायची होती त्या बुद्धविहारापाशी तो हजर होता. शहजादीच्या खुराला पट्टी बांधलेली होती, आणि ती वाईट दिसू नये म्हणून वरून लाल जरीचा तुकडा गुंडाळलेला होता. मी पट्टी पाहिली. पाहून न पाहिल्यासारखं केलं. हे मी आजपर्यंत लीलाबाईलाही सांगितलेलं नाही.

विहारापासून मंगल कार्यालय दीड किलोमीटर. मे महिना, दहाच्या आतच डांबर तापलेलं. ताशा सुरू झाला तशी शहजादी उजवा पाय टेकवायची आणि चटकन वर घ्यायची. टेकवायची, वर घ्यायची.

"घोडी नाचायली रे!" कुणीतरी ओरडलं.

झालं. सगळ्यांचे मोबाइल वर. ताशेवाले तिच्या तोंडाशी येऊन वाजवू लागले. मजीदभाई लगाम धरून त्यांना विनवत होता, "धीरे बाबा, धीरे." त्याचं ऐकणारा तिथं कुणी नव्हता. मला मात्र ऐकू येत होतं.

आकाश वरून वाकला. "बाबा, हिला दुखायलंय. मी उतरतो."

"गप बस वर," मी म्हणालो. "तुझा मोठा काका चालत गेलता."

कार्यालयाच्या अलीकडे छोटा चढ आहे. तिथं ती कोसळली. आकाश बाजूला फेकला गेला आणि सगळी वरात त्याच्याकडे धावली. त्याचं कोपर खरचटलं होतं. त्या एवढ्याशा जखमेवर तिघांनी बाटल्यांतलं पाणी ओतलं. शहजादीचा पाय मोडला होता. तिनं दोनदा उठायचा प्रयत्न केला. मजीदभाईनं अंगातला सदरा काढून तिच्या डोक्याखाली घातला, डांबर भाजत होतं म्हणून. मागून हॉर्न वाजायला लागले. "ओढा हिला बाजूला, वाट अडलीया," असं आमचाच एक पाहुणा म्हणाला.

आणि मी? मी म्हणालो, "चला, उशीर व्हायलाय."

कार्यालयात सगळं पांढरंशुभ्र होतं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील सुरू केलं. पहिलंच शील, जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. शेकडो माणसांनी हात जोडून खणखणीत आवाजात म्हटलं. मगाशी मोबाइल धरणाऱ्यांनी म्हटलं, वाट अडलीया म्हणणाऱ्यानंही म्हटलं. मी हे शील झोपेतून उठवलं तरी म्हणतो. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. त्यांच्यावर रागावण्याचा मला काय अधिकार? त्यांनी नाच बघितला होता. मी पट्टी बघितली होती. मंचावर पाहिलं तर आकाशचेही ओठ मिटलेले होते.

फुलं पडली, टाळ्या झाल्या, तसा मी मागच्या दारानं निसटलो.

शहजादी शांत झाली होती. डॉक्टर इंजेक्शन देऊन बॅग आवरत होता. हाडाचे पार तुकडे झालेत, म्हणाला, दुसरा इलाज नव्हता. गाड्या वळसा घालून जात होत्या. मजीदभाई बनियनवर, भर उन्हात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्या डोळ्यांवरच्या माश्या वारत होता.

मी शेजारी बसलो. मीही माश्या वारू लागलो.

त्यानं विचारलं, "लगीन लागलं का, भाऊ?"

"लागलं."

"अच्छा हुआ." मग तिच्या आयाळीवरून हात फिरवत म्हणाला, "तुमने शक किया ना, भाऊ, रातभर नींद नहीं आयी. वाटलं, दीड किलोमीटर तर हाय. निभा लेगी बेटी."

"मजीदभाई, शिवी द्या मला. मारा."

त्यानं शिवी दिली नाही. हाताची धूळ बनियनला पुसली आणि तो हात माझ्यापुढे केला. "मुबारक हो, भाऊ."

तो हात मला धरता आला नाही.