माझ्या पोटातला नाग

मी एक जुना केवडा आहे आणि माझ्या पोटात नाग राहतो. मित्रांनो, यातली पहिली गोष्ट मला पक्की माहीत आहे. दुसरी अच्युतराव मास्तरांनी सांगितलेली आहे.

१९५९ साली त्यांच्या पत्नी नलिनीबाईंनी उदगीरहून माझा कोंब ओल्या फडक्यात गुंडाळून बीदरकडच्या चिंताकीला आणला. परसात न्हाणीचे पाणी मुरते तिथे लावला. शिकेकाईच्या त्या ओलीवर मी वाढलो. "पहिलं कणीस देवाला, पर एक पात माझ्या वेणीला," असे त्या मला रोज बजावत.

सहाव्या श्रावणात मी फुललो. कणीस पानांच्या गाभ्यात. बाहेरून नुसता पिवळट वळसा दिसे. शेजारचे गुरुपादय्या मास्तर, आळंदकडचे, घरात कन्नड बोलणारे, कुंपणावरून ओरडले, "अक्का, हूवु बंदाद, हूवु!"

"काय म्हणायलेत हो ते?" नलिनीबाईंनी नवऱ्याला विचारले.

अच्युतराव नुकतेच सरकारी कन्नड परीक्षा पास झाले होते. "हावु म्हणायलेत. हावु म्हणजे साप! परीक्षेला आलता शब्द. मागं व्हा!"

त्याच आठवड्यात गुरुपादय्यांची बदली झाली. साप राहिला.

मग माझ्याजवळ कुणी येईना. भर दुपारी वारा नसताना माझी पाने एकमेकांवर घासत आणि घराच्या खिडक्या लागत. वास सुटला की "जागा झाला" म्हणत. माझी मुळे बोटांसारखी हवेतून जमिनीकडे उतरत होती. नलिनीबाई लांबूनच दुधाची वाटी सरकवत. संध्याकाळी ती रिकामी असे. कोण पीत होते, मला दिसले नाही. बुंध्याशी मात्र काहीतरी थंड, सावकाश सरकून जाई. वर्षानुवर्षे माझी कणसे माझ्यातच कुजली.

१९८४ साली गुरुपादय्या पाहुणे म्हणून आले. "अक्का, त्या दिवशी फूल दाखवलो, काढलं का न्हाई?"

"फूल? तुम्ही तर हावु म्हणालात!"

"हावु कामून म्हणीन? हूवु! हूवु म्हणजे फूल."

"माणसाचा उच्चार स्पष्ट पाहिजे," अच्युतराव म्हणाले.

नलिनीबाई सरळ परसात आल्या आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. आत काहीतरी हलले. त्या थबकल्या, पण हात मागे घेतला नाही. काट्यांनी रक्त आले, कणीस निघाले. त्यांनी आधी आपल्या पांढऱ्या, बारीक वेणीत पात खोवली. देव नंतर.

मित्रांनो, केवडा लावा, त्याला ओल द्या आणि शेजारी काय ओरडला ते त्यालाच एकदा परत विचारा.

दुधाची वाटी अजून येते. अजून रिकामी होते.

अच्युतरावांना त्या परीक्षेत छत्तीस मार्क होते. पास व्हायला पस्तीस लागत.