अर्जाला जोडलेलं गणित

मी हॅम्बर्गमधल्या एका कालव्याकाठचं, लोखंडी खांबांवर उभं असलेलं रेल्वे स्टेशन बोलतंय. उभं होतं, म्हणायला हवं. आता उरलाय तो माझ्या जिन्याच्या कठड्याचा दोन हात तुकडा.

शंभरेक वर्षं मी माणसं चढवली, उतरवली. गोदीतले कामगार, ओल्या छत्र्या, कुत्री, सायकली. गाडीला एक मिनिट उशीर झाला तरी इथले लोक घड्याळाकडे असे बघत, की दगा त्यानेच दिलाय. मला गंमत वाटे.

कुंदाताई पुण्याहून मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. जर्मन येत नव्हतं, गुडघा कुरकुरत होता. तरी दर गुरुवारी कठडा धरून माझ्या अठ्ठेचाळीस पायऱ्या चढायच्या, बंदरावर जायच्या, फेरीबोटीतून फिरून परतायच्या. एकट्या. आठवड्यातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

मुलगा अनय इंजिनिअर. आईचे हाल बघवेनात, म्हणून त्याने लिफ्टसाठी अर्ज केला. नुसता अर्ज करील तर इंजिनिअर कसला. त्याने माझे खांब मोजले, गंजाचे फोटो काढले आणि कोणता खांब किती मजबूत करावा लागेल, याचं सात पानी गणित जोडलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं: गणित बरोबर आहे. लिफ्टच काय, स्टेशनचाच भार हे खांब फार काळ पेलणार नाहीत. सबब, स्टेशन बंद.

माझ्याच जिन्यात त्याने आईला हे सांगितलं.

"मी चढत होते रे," त्या म्हणाल्या. "तू मोजायला कशाला गेलास?"

"आई, गेनाऊ, अगदी तुझ्यासाठीच केलं ना," तो पुटपुटला.

मला राग आला नाही. गंज माझाच होता. वाईट वाटलं ते कुंदाताईंचं. पुढचं स्टेशन दोन बस बदलून. त्यांचे गुरुवार घरात जाऊ लागले.

मला पाडलं, तेव्हा त्या कुंपणापाशी उभ्या होत्या. मजुराला खुणा करून त्यांनी हा तुकडा मागून घेतला. घराच्या दारातल्या तीन पायऱ्यांना तो लावायचा, तर हाउसफरवाल्टुंगची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कचेरीची, परवानगी हवी. अनय लॅपटॉप उघडून बसला. कुंदाताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"या वेळी गणित जोडू नकोस."

दोन ओळींचा अर्ज गेला. पंधरवड्यात होकार आला.

आज गुरुवार. मला धरून कुंदाताई तीन पायऱ्या उतरल्या. सोबत येऊ का, असं अनयने विचारलं. त्या नको म्हणाल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी सावकाश का होईना, आपलं आपण चढत असेल, तर पायऱ्या मोजू नका. कठडा घट्ट आहे ना, तेवढं बघा.

त्या संध्याकाळी परततील. मी इथेच आहे.